मागं माणूस नको

मला कुणी शहाणपण शिकवायला येऊ नका. सासऱ्याच्या आंघोळीचं पाणी, धोतर, कुस्करलेली भाकरी, थुंकायचं भांडं, सगळं मीच केलंय. भांडं धुवून बघा एकदा, मग बोला. तवर मी सांगते ते गप ऐका.

आमचं घर बावड्यात, गावठाणातल्या बोळात. बोळ असला अरुंद, की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरकावं लागतंय. बोळाच्या शेवटाला आमचं अंगण, आणि अंगणात जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण. त्यात आमच्या मालकांनी पुण्याच्या एका डॉक्टरची जुनी कॉन्टेसा आणली. नाव घेतल्याबिगर तुमाला कळायचं न्हाय म्हणून घेते, मल्हार. खताचं दुकान काय चाललं, ह्यांना मोठेपणाचं वारं लागलं. गाडी कसली, लांबच्या लांब पलंग. अंगणात वळायला जागा न्हाय, म्हणून बोळातनं उलटीच आत घालायची. ह्यांना आरशातलं कळायचं न्हाय आणि मान तर वळायचीच न्हाय.

मग आबा. आबा म्हंजे माझे सासरे, सोनबा. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. कानानं ठार बहिरे म्हणलं तरी चालंल, पण नजर घारीची. गाडीच्या मागं उभं ऱ्हायचे, हात हलवत "येऊंद्या, येऊंद्या" वरडायचे, आणि डोण हातभर लांब ऱ्हायली की डिकीवर दोन थापा मारायचे. दोन थापा म्हंजे बास. गाडीला कधी एक वरखडा आला न्हाय.

त्यापायी आबा सगळीकडं गाडीत. बारामतीचा बाजार असू दे, इंदापूरची कचेरी असू दे, निरवांगीचं लगीन असू दे, आबा फेटा बांधून मागच्या सीटवर. मांडवापाशी उतरायचे आणि आमचीच काय, पाव्हण्यांच्या जीपाबी लावून द्यायचे. लोकं म्हणायची, "गाडीवाले आबा आले." म्हाताऱ्याला ह्याच्यापलीकडं काय नको व्हतं.

वाटणीत ठरलं व्हतं, आबांनी दोन्ही लेकांकडं आळीपाळीनं ऱ्हायचं. धाकटा जोतीराम वरकुट्याला रानात घर बांधून हाय. पण गाडी आल्यापास्नं आबा बावड्यातनं हलले न्हाईत आणि ह्यांनीबी हलवलं न्हाय. गाडी लावायला माणूस पायजे न्हवं का? आबा मला म्हणायचे, "दिपाली, ह्याच पुढच्या सोप्यात तुझी सासू गेली. मलाबी हितनंच जायचंय. वरकुट्याला धाडू नका." मी मान हलवायची. खरं सांगायचं तर मला ते वरकुट्याला गेलेले हवे व्हते.

नव्व्याण्णव साल असंल. ह्यांनी मोबाईल घेतला. वीटंएवढा ठोकळा, आणि रेंज बारामती सोडली की गायब. बावड्यात तो नुसता खिशाला भार. पण बारामतीत कुणाच्या तरी गाडीत ह्यांनी बघितलं, फोन हातात न धरता माणूस बोलतोय. झालं! घरी जेवण गोड लागंना.

शाहिद म्हणून एक वायरिंगवाला हाय बारामतीत. त्याच्याकडं गाडी नेली. त्यानं माईक पुढं आरशापाशी लावला आणि आवाज काढला टेपच्या स्पीकरमधनं. ते स्पीकर मागच्या सीटच्या डोक्याशी, आबा बसतात बरोबर त्यांच्या कानामागं. वर ह्यांनी आणखी एक खूळ काढलं, रिव्हर्सचा हॉर्न. गिअर मागं टाकला की पाळण्यातल्या खेळण्यावाणी टिंग टिंग गाणं चालू.

"ह्यानं काय व्हतंय?" मी इचारलं.

शाहिद म्हणला, "काय न्हाय भाभी, मागं कुणी असलं तर बाजूला व्हतंय."

"म्हंजे मागं माणूस नको!" मालक मांडीवर थाप मारून म्हणले. शाहिदनं तोंड उघडलं व्हतं, पण ह्यांनी ऐकून घेतलं तर शपथ. आबा तितंच बाकड्यावर बसून चहा पीत व्हते. ते आपले गाडीकडं बघून हसले.

बारामतीतनं निघालो. फोन दाखवायची ह्यांना घाई. रेंज जायच्या आत वरकुट्याला भावाच्या घरी लावला. गाडीभर घंटी वाजली, आणि मग जोतीराम बोलला, असा मोठ्यानं की मीच दचकले.

"कोण, दादा? बोल की."

मागनं आबा उठूनच बसले. किती वर्सांनी त्यांना लेकाचा आवाज धड ऐकू आला असंल! फेटा कानावरनं वर सारला आणि लहान पोरावाणी म्हणले, "जोत्या! आगं दिपाली, जोत्या बोलतोय!" तोंड नुसतं फुललं व्हतं.

ह्यांचं ध्यान फोनवर. "जोत्या, सोमवारी येऊन म्हाताऱ्याला घेऊन जा."

"मी? मला कशाला तसलं लोढणं?"

"वाटणीत तुझाबी हाय. किती वर्स मी सांभाळला."

"सांभाळला? गाडी लावून घेतलीस की फुकटात!"

"आता गाडीला मशीन बसवलंय. मागं माणूस नको. मग कामाचा न्हाय तर मीच का खायला घालू?"

मी ह्यांचा दंड धरला. "अवं, आबा ऐकत्यात."

"त्याला देवळातली घंटा ऐकू येत न्हाय," असं म्हणून हे हसले.

जोतीरामबी हसला. "मेंढरं इकली तवाच मेंढक्याबी इकायचा व्हता, दादा. बरं, सोमवारी येऊन आणतो. गोठ्याच्या पडवीत टाकतो. एक थंडी काढली तर लय झालं."

"सोमवारी ये. इसरू नको," हे म्हणले, आणि रेंज गेली.

मी मागं बघितलं. आबांनी फेटा परत कानावर वढला व्हता आणि हात मांडीवर ठेवून ते बाहेर उसाकडं बघत व्हते. मला वाईट वाटलं, व्हय, वाटलं. पण सोमवारपास्नं भांडं धुवायचं न्हाय, हेबी त्याच वक्ताला मनात आलं. माणसाच्या मनाला काय कुलूप घालता येतंय?

बावड्यात पोचलो तवा ऊन कलत व्हतं. बोळाच्या तोंडाशी मी आणि आबा उतरलो. आबा सवयीनं मागं जायला लागले तसं ह्यांनी काच खाली करून हातवारे केले, "घरात जावा, घरात. तुमचं काम न्हाय आता." आणि काच वर केली. आत गारवा पायजे ना साहेबाला.

आबा पुढं, मी मागं, असं आमी अंगणात आलो. मी पिशव्या घिऊन उंबऱ्यावर. मला वाटलं, आबा आत येत्याल. ते डोणीपाशी गेले, डोणीला पाठ लावून उभं ऱ्हायले आणि फेटा नीट केला.

बोळात टिंग टिंग चालू झालं. गाडीचं ढुंगण अंगणात शिरलं.

"येऊंद्या," आबा वरडले. "येऊंद्या."

ह्यांना काय ऐकू जातंय? काच बंद, आणि ते मेलं गाणं. मी पिशव्या टाकून वरडले, "अवं थांबा! आबा हाईत मागं! थांबा!" पळाले, पण गाडीनं बोळ अडवल्याला, ह्यांच्यापातूर जायला वाट न्हाय. मी मागच्या काचंवर बुक्क्या मारायच्या आत डिकी आबांच्या गुडघ्यापाशी पोचली व्हती. थापा मारायला अजून जागा व्हती. आबांनी हात वर केला. मला वाटलं, मारत्यात आता. तर त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्याच हातानं गाडीला जवळ बोलावलं.

"येऊंद्या."

वाळकी फाटी मोडल्यावाणी आवाज झाला. गाडी थांबली. हे उतरले आणि आधी डिकी बघितली. "च्यायला, वाजत तर व्हतं की!" एवढं बोलल्यावर ह्यांना आबा दिसले.

इंदापूरच्या दवाखान्यात एक पाय मांडीतनं काढला. दुसरा हाय, पण नावाला. गाव म्हणलं, बहिरा म्हातारा, त्याला हॉर्न ऐकू आला नसंल. ह्यांनीबी तेच धरून ठेवलं आणि हॉर्न उपटून उकिरड्यावर टाकला. जोतीराम भेटायला आला, खाटंपाशी टेकलाबी न्हाय. "दादा, आमच्याकडं धड रस्ता न्हाय. असल्या माणसाला गोठ्यात कसं ठेवायचं? लोकं शेण घालत्याल तोंडात." आबा त्याच्या हलत्या व्हटांकडं बघत व्हते. सगळं कळल्यावाणी.

आता आबा सोप्यात हाईत, सासूबाई गेल्या त्याच जागंला खाट टाकून. उचलायचं मी, पुसायचं मी, सगळं खाटंवरच. गाडी आली की मागं उभी ऱ्हायला बी मीच. कडंला ऱ्हाऊन थापा मारते. खाटंवर आबा भिंतीवर हालणारी सावली बघून वरडत असत्यात, "येऊंद्या, येऊंद्या." बास काय म्हणत न्हाईत.

एकदा दुपारी भरवताना माझा संताप संताप झाला. सगळं माझ्याच गळ्यात की! त्यांच्या कानाला तोंड लावून मी वरडले, "आबा, थापा का मारल्या न्हाईत?"

त्यांनी घास सावकाश चावून गिळला.

"दिपाली," म्हणले, "सोमवार गेला न्हवं का?"

"गेला," मी म्हणलं.

"मग झालं तर," म्हणून त्यांनी पुढच्या घासाला तोंड उघडलं.