तिसऱ्या खांबावरचा मारुती

खडकेवाडीच्या पाण्याच्या टाकीला सहा खांब. दुरुस्ती झालेल्या एकेका खांबावर अश्विनीने रुपयाचं नाणं वाजवून पाहिलं. पाच खांब खणखणीत बोलले, तिसरा मात्र बद्द वाजला.

टाकी जुनी झाली म्हणून पाडायची असं जवळजवळ ठरलंच होतं, म्हणजे पुढची दोन वर्षं गावाने टँकरची वाट बघायची. गावच्या बैठकीत ही श्रीरामपूरची इंजिनीअर पोरगी, अश्विनी, उठली आणि ठासून म्हणाली, "पाडू नका. खांबांना कार्बनचं कापड गुंडाळून रेझिनने चिकटवते. टाकी आणखी वीस वर्षं उभी राहील." स्वतःच्या जबाबदारीवरचं पहिलंच काम, पण बोलणं असं की टाकी जणू हिच्याच माहेरची! अर्थात, खांब तपासूनच ती बोलली होती.

तिसऱ्या खांबावर शेंदराचा मारुती होता. अजिनाथ मिस्त्रीने तिच्या माघारी देवाला हात न लावता वरून-खालून कापड गुंडाळलं होतं आणि मधे चांगली खिडकी सोडली होती. अश्विनीने कडेला बोट घालताच कापड केळीच्या सालीसारखं सुटून आलं. आतलं काँक्रीट तेलाने माखलेलं होतं.

"सहादेवनाना दर शनिवारी तेल घालत्यात," अजिनाथ म्हणाला. "ऱ्हाऊ द्या ताई. वरनं रंग मारू. कुनाला दिसतंय?"

"मला दिसतंय."

ती तडक सहादेवनानांच्या ओट्यावर जाऊन बसली. ही टाकी बांधताना नाना घमेली वाहायला होते आणि तेव्हापासून त्यांचा एकही शनिवार चुकला नव्हता. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं, "नाना, तेल आत मुरलंय. तेलावर काही चिकटत नाही. तो खांब असाच राहिला तर टाकी भरू देणार नाही मी."

नानांचा चेहरा उतरला. "टाकी हुभी ऱ्हावी म्हनूनच घालतूय की मी तेल."

तिला फार वाईट वाटलं, पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही.

नाना उठले. "शेंदूर जड झाला की देव आपसूक कवच सोडतो. ह्यो लई दिस थांबला. चल, मी काढतो. नदीत सोडू."

त्यांनी स्वतःच्या हातांनी शेंदराचा थर उतरवला. मग अजिनाथने तेलकट काँक्रीट छिन्नीने काढलं, नवं भरलं, सुकू दिलं आणि अखंड कापड गुंडाळलं. कापडाचा छोटा तुकडा मशीनने ओढून पाहिला तेव्हा आतलं काँक्रीट तुटलं, पण कापड सुटलं नाही, म्हणजे पकड पक्की होती. टाकी काठोकाठ भरली.

शनिवारी नाना तेलाची वाटी घेऊन आले. टाकीजवळच्या लिंबाखालच्या दगडावर आता नवा मारुती होता, त्याला त्यांनी तेल घातलं. मग धोतराला हात पुसले, अगदी बोटाबोटांतून पुसले, आणि तिसऱ्या खांबापाशी येऊन बंडीतून रुपया काढला. खण, खण. त्यांनी कान लावला.

"वाजतोय गं पोरी," नाना म्हणाले.

मशीनच्या आकड्यांनी न आलेलं पाणी तेव्हा अश्विनीच्या डोळ्यांत आलं.