ठकूबाईचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. माझा भाता विरलाय, दोन पट्ट्या अडकतात आणि लोधिवलीच्या एका घरात मी कपाटावर पडून असते. एके काळी मात्र माझ्यावाचून गावची जयंती होत नसे.

धर्माजी मला वाजवायचा आणि त्याची बायको ठकूबाई गाणी रचायची. लेक दर्शना झाली तेव्हा तिने पाळणा रचला. "चाल आवणीला भात लावनाऱ्या बायांची हाय बरं, शबूद तेवढं माजं," हे ती प्रत्येक वेळी गाण्याआधी सांगायची. उसनं घेतलेलं तिने कधी लपवलं नाही. आमच्या गायन पार्टीत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत होती. तीच त्याची सही. पाळणा संपायचा तो असा, 'ठकू म्हणे, नीज पोरी, पाटी तुझ्या उशापाशी.'

धर्माजी गेला. मग ठकूबाईच मला वाजवू लागली. मुलगा मिलिंदने तिचा पाळणा मोबाईलवरून इंटरनेटवर टाकला. "आये, लांब होतंय गं, एवढं कोन ऐकत नाय," म्हणत त्याने शेवटचं कडवं कापलं. पोराच्या मनात वाईट नव्हतं.

चौक गावच्या ढाब्यांवर पाळणा वाजू लागला तेव्हा आम्ही हरखलो. पण मागे बँजोचा दणका होता आणि नाव भलत्याच गायकाचं. वर त्यानेच तक्रार करून मिलिंदचं गाणं चोरीचं ठरवलं आणि काढायला लावलं. चोराच्या उलट्या बोंबा! मिलिंदने दाद मागितली, तर साइटवाले पुरावा द्या म्हणाले. पुरावा म्हणजे ते नावाचं कडवं, आणि ते मिलिंदनेच कापलं होतं.

मध्यंतरी शेजारच्या बाळाचं नाव ठेवताना ठकूबाईने मला खाली काढलं. तिने शेवटचं कडवं धरताच नात मेघा म्हणाली, "आजी, ह्ये गान्यात नाय गं. तू मनचंच घातलंस!" बाया हसल्या. ठकूबाईही हसली. मला फार वाईट वाटलं.

काल दुसऱ्या घरी बारसं होतं. ती पाळणा म्हणाली. शेवटच्या कडव्याआधी थांबली आणि तिने माझा भाता मिटला.

मित्रांनो, गाणं आवडलं तर खुशाल गा, त्याच्या चालीवर नवं रचा. फक्त ते कुणाचं, एवढं विचारा. आमची ठकूबाई आता आपणहून सांगणार नाही.