आबांची घोकंपट्टी

समाजमंदिराच्या बाकावर कोमलला धड बसवेना. मळवलीत स्मरणशक्ती तपासायचं शिबिर लागलं होतं, पुढचा नंबर तिच्या सासऱ्यांचा, कोंडाजीआबांचा, आणि नवरा कैलास अजून बापाची उजळणी घेत होता.

"आबा, वार कंचा?"

"बुधवार."

"तीन वस्तू?"

"आंबा, खुर्ची, विमान."

शेजारच्या गावात शिबिराला जाऊन आलेल्या मेव्हण्याकडून कैलासनं सगळे प्रश्न काढून आणले होते. आता बोला! डॉक्टर दुखणं शोधायला आलेत आणि ह्या पठ्ठ्यानं ते लपवायचा चंग बांधलेला. "माझ्या बापाला येडा ठरवू देनार न्हाई," हे एकच पालुपद. कंपनीच्या पाळ्या करून तो घरी यायचा तो निजायला. गेल्या आठवड्यात आबा रेल्वेच्या रुळांत उभे सापडले, तेव्हा अनवाणी धावली ती कोमल. बाईला निवांत आंघोळसुद्धा करता येत नव्हती. परवा तर आबांनी हळूच विचारलं होतं, "रातच्याला आपल्या घरात निजायला येतो, त्यो कोन गं?" हे मात्र तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

नंबर लागला तसे तिघंही आत गेले. डॉक्टरीणबाई विचारत गेल्या, आबा धडाधड सांगत गेले. वार, महिना, गाव, तिन्ही वस्तू. बाई खूश.

"वयाच्या मानानं उत्तम आहे की!"

कैलासची छाती फुगली. कोमलनं मात्र हिशेब मांडला. म्हणजे औषध नाही, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी नाही. उद्यापासून पुन्हा आपण एकट्या, आणि ते रूळ. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडलं तर घरी महाभारत होणार, हे तिला ठाऊक होतं. झालं तर झालं, मेलं!

"बाई, ह्ये समदं पाठ करून आनलंय," ती बोलून गेली. "आबास्नी इचारा, ह्ये कोन हायेत."

"कोमल, गप बस!" कैलास खेकसला.

बाईंनी त्याच्याकडे बोट केलं. "आबा, हे कोण?"

आबांनी लेकाला नीट न्याहाळलं आणि हात जोडले.

"मास्तर हायेत. सकाळधरनं शिकवत्यात, पन एकदा हात उगारला न्हाई. आमच्या कैलासला ह्यांच्याच शाळंत घालायचा हाय."

कैलासनं आबांचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले.

"बाई," तो म्हणाला, "पुन्यांदा तपासा."