शेवटापासून लिहिलेली ओळ

प्रार्थनामंदिराच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या डाव्या अंगाला, एक लांबट काळा फळा होता. लांबी दोन पुरुष, उंची जेमतेम हातभर. दर शुक्रवारी त्यावर काळ्या रंगाचा हात फिरे आणि शनिवारी पांढऱ्या अक्षरांत एक नवी ओळ उमटे. पुढे आठवडाभर ती ओळ रस्त्याशी बोलत राही. एकतीस वर्षे ती एकाच हाताने लिहिली होती. त्या हाताच्या धन्याला सारी गल्ली 'पेंटर' म्हणून ओळखत असे.

समोरच्या बाजूला पेंटरच्या मेहुण्याचे कुलूप-किल्ल्यांचे दुकान होते. दुकान कसले, भिंतीत कोरलेला एक कोनाडाच! माणूस आत शिरला की किल्ल्यांना बाहेर टांगावे लागे. कानस चालवता चालवता मान वर केली की समोर फळा दिसे. तो दिसू नये म्हणून कुलूपवाल्याने गेली तीन वर्षे आपले स्टूल पाठमोरे ठेवले होते.

कारण त्या फळ्यापाशी त्याची बहीण, पेंटरची बायको, उभी राहत असे. ओळ सरळ यावी म्हणून आधी खडूत घोळलेले सूत ताणावे लागते. एका टोकाला पेंटर, दुसऱ्या टोकाला ती. पेंटर सूत चिमटीने उचलून सोडून देई, फळ्यावर लख्ख रेघ उठे, आणि ती म्हणे, "बसली!" तो शब्द रस्ता ओलांडून थेट दुकानात येई. मग ती आजारी पडली. दोन वर्षे झिजली. कुलूपवाल्याने तेव्हा जितक्या प्रार्थना केल्या तितक्या आयुष्यात केल्या नव्हत्या. तिचा दफनविधी आटोपला, तो प्रार्थनामंदिराच्या पायऱ्या उतरला, आणि पुन्हा चढला नाही. पेंटरने मात्र तिच्या जागी भिंतीत एक खिळा ठोकला, सुताचे टोक त्याला बांधले आणि त्याच आठवड्यात ओळ लिहिली.

चार महिन्यांपूर्वी पेंटरला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पाय फरफटत का होईना चालू लागला. पण उजवा हात गेला. एकतीस वर्षांचा तो हात आता देहाला केवळ टांगलेला होता.

तरीही एका शनिवारी पेंटर फळ्यापाशी आला आणि डाव्या हाताने लिहायला बसला. पूर्वी मनगटाखाली टेकूची काठी असे. ती धरायला दुसरा हात उरला नव्हता. म्हणून मनगट फळ्यावरच टेकले, आणि हात पुढे सरकला तसा तो आपणच लिहिलेली ओली अक्षरे पुसत गेला. संध्याकाळी फळ्यावर अक्षरांऐवजी पांढरे फरकाटे होते. रविवारी लोक ते पाहून मान खाली घालून आत गेले. कुणी हसले असते तर बरे, असे कुलूपवाल्याला वाटले.

सोमवारी पाळक आणि मंडळीचे एक पंच पेंटरच्या घरी गेले. पंच मायेनेच म्हणाले, "तुम्ही पुष्कळ केलंत. आता छापील फळा आणू. अक्षरं आयती मिळतात, नुसती सरकवायची."

पेंटर म्हणाला, "हा एक शनिवार द्या. नाही जमलं, तर फळ्याचे खिळे मीच काढून देईन."

ही वार्ता कानी पडताच कुलूपवाला बुधवारी दुपारी दुकान आवरून मेहुण्याच्या घरी गेला. भावजींची आणखी शोभा होऊ द्यायची नाही, असे त्याने मनाशी पक्के ठरवले होते.

पेंटर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. समोर जुन्या वर्तमानपत्रांची चळत, वाटीत पाणी घातलेला रंग. निकामी हात टेबलावर, झोपी गेलेल्या पाहुण्यासारखा, कडेला नीट ठेवलेला.

"ये किल्लीदार. चहा तूच कर. माझ्या हातचा चहा हल्ली बशीत जास्त असतो."

"भावजी, पुरे आता," कुलूपवाला उभ्यानेच म्हणाला. "कशासाठी हा अट्टहास? ताईला नेलं. तुमचा हात नेला. आणि तुम्ही त्याच्याच दाराची पाटी रंगवताय?"

"मग कुणाच्या दाराची रंगवू? तुझ्या? तुझ्या दुकानाला दारच नाही."

"थट्टा नको. तुम्हाला राग येत नाही त्याचा?"

पेंटरने कुंचला वाटीत ठेवला. "येतो की. रोज सकाळी भांडतो मी त्याच्याशी. तुझी ताई गेली त्या वर्षी तर शेजारच्यांनी भिंत ठोकली होती, इतका मोठ्यानं भांडत होतो. पण भांडून झालं की त्याच्यापाशीच बसतो. दुसरं जायचं कुठं?"

"मी नाही बोलत त्याच्याशी. तीन वर्षं झाली."

"ठाऊक आहे. अबोला धरलायस." पेंटर हसला, तोंडाची एकच बाजू हसली. "पण मला सांग, नसलेल्या माणसाशी कुणी अबोला धरतं का रे?"

कुलूपवाल्याने चहाचे भांडे चुलीवर ठेवले. पाठीमागे कुंचल्याची सरसर सुरू झाली. वळून पाहिले तर पेंटर कागदाच्या उजव्या टोकापासून डावीकडे लिहीत येत होता: आधी शब्दाचे शेवटचे अक्षर, मग त्याच्या अलीकडचे.

"हे काय उलटंच?"

"उलटं नाही. अक्षर सुलटच आहे, मी फक्त शेवटापासून येतोय. म्हणजे मनगट कोऱ्या जागेवर टेकतं, ओल्यावर नाही. चार दिवस डोकं खाजवलं तेव्हा सुचलं. पण एक अडचण आहे. ओळ आधी पुरती मापून घ्यावी लागते, आणि सूत एका हातानं ताणताही येत नाही, उडवताही येत नाही."

"दुसरा खिळा ठोकून देतो मी."

"खिळ्यावर तीन वर्षं काढली," पेंटर म्हणाला. "खिळा बोलत नाही."

शनिवारी सकाळी कुलूपवाला रस्ता ओलांडून गेला. 'भावजींसाठी', असे त्याने स्वतःला दोनदा बजावले. ताईच्या जागेचा खिळा उपटून त्याने तो पेंटरच्या बाजूला ठोकला आणि सुताचे एक टोक त्याला बांधले. दुसरे त्याने हातात घेतले आणि ताणले. ज्या जागी तो उभा होता तिथल्या फरशीची एक कड झिजलेली होती. कुणाच्या पायांनी, ते त्याला विचारावे लागले नाही. पेंटरने डाव्या चिमटीने सूत उचलले, सोडले. रेघ उठली. पेंटर क्षणभर थांबला, काही ऐकू येते का म्हणून थांबावे तसा. कुलूपवाला काही बोलला नाही. दुसरी रेघही तशीच, निःशब्द उठली.

मग पेंटर फळ्याच्या उजव्या टोकाशी स्टुलावर बसला. अर्ध्या तासाने पहिला शब्द उभा राहिला: 'आहे'.

टपालवाला सायकल थांबवून ओरडला, "पेंटर, काय आहे?"

"धीर धर! तू पाकीट आणतोस तेव्हा मी बाहेरून वाचतो का?"

कुलूपवाल्याने स्टूल हातभर डावीकडे सरकवले, मेहुण्याला बखोटीला धरून बसवले, कुंचला निथळून हातात दिला. दुसरा शब्द आला: 'देणारा'. अक्षरे पूर्वीसारखी रेखीव नव्हती. 'र'चा पाय लटपटला होता. पण पुसले काही गेले नव्हते. कोरड्या काळ्या जागेवर मनगट टेकत, श्वास रोखत, तो माणूस एकेक अक्षर असे ठेवत होता जसे पाण्याने काठोकाठ भरलेले भांडे कुणी जमिनीवर ठेवावे. कुलूपवाल्याने आयुष्यभर बारीक कामे केली होती; असे काम त्याने पाहिले नव्हते.

तिसऱ्या शब्दाचा 'ले' झाला आणि कुंचला थांबला.

"दमलात?"

"नाही. 'गेले' लिहायचंय." डोळ्यांतले पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून पेंटरने ते वाहू दिले. "नेहमीच्या रीतीनं हे आधी आलं असतं, किल्लीदार. मी इथंच बसलो असतो, याच्या पुढं गेलोच नसतो. आता पुढचं लिहून झालंय. आता हे लिहिता येतं."

कुलूपवाल्याने खिशातला फडका काढला. किल्ल्यांच्या तेलाचा वास असलेला. मेहुण्याचे गाल पुसले आणि मग, दुसरीकडे पाहत, स्वतःचे.

दुपार कलता कलता अखेरचा, म्हणजे पहिला शब्द बसला. वरची शिरोरेषाही उजवीकडून डावीकडे ओढली गेली, आणि संपूर्ण ओळ रस्त्यासमोर उभी राहिली:

दिलेले गेले, देणारा आहे.

पाळक आणि पंच आले. पाळकांनी ओळ वाचली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पंचांनी चष्मा सारखा केला. "अक्षरं जरा वाकडी आहेत."

"वाकडी आहेत," कुलूपवाला तडकला, "पण इथून माझ्या दुकानापर्यंत वाचता येतात. तुमची छापील अक्षरं सरळ असतील हो. हात लुळा पडून चार महिने झाल्यावर ती लिहून दाखवतील का?"

"अहो, मी वाकडी म्हणालो, नको म्हणालो का?" पंच गोंधळून म्हणाले. "राहू द्या. फळा आहे तोच राहू द्या."

"काय किल्लीदार," पेंटर हळूच म्हणाला, "देवळाची वकिली कधीपासून घेतलीस?"

"देवळाची नाही. रंगाची. चला, उठा आता, स्टूल माझ्या दुकानाचं आहे."

स्टूल त्याने परत नेले. सोमवारी किल्लीवर कानस चालवताना त्याच्या ध्यानात आले की आपण ते रस्त्याकडे तोंड करून ठेवले आहे. ते त्याने तसेच राहू दिले.

पुढच्या शनिवारी पेंटर पाय ओढत आला, तेव्हा कुलूपवाला फळ्यापाशी आधीच उभा होता. सूत खडूत घोळून झाले होते. झिजलेल्या फरशीवर पाय रोवून त्याने टोक ताणले. पेंटरने सूत उचलले, सोडले. काळ्यावर लख्ख रेघ उठली, आणि पेंटर थांबला.

"बसली," कुलूपवाला म्हणाला.