सोसाम्मा टीचरांची सात तिकिटं

“लाल खुणेचा नळ सोड,” सोसाम्मा टीचर न्हाणीघराच्या दाराबाहेरून म्हणाल्या.

आत जिन्सीने भाजलेला हात झटकला आणि दुसरा नळ सोडला. गरम पाण्याच्या त्या नळातून चक्क गार पाणी आलं. ऑगस्टमध्ये गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापते, साध्या नळाच्या पाण्यात बोट घालायची सोय नसते. म्हणून टीचर मे महिन्यातच गीझरचं बटण बंद करून टाकत. घरात सावलीला टांगलेल्या गीझरच्या पिंपातलं पाणी रात्रभरात निवायचं. विजेचा खर्च शून्य आणि अंघोळीला गार पाणी. कांजिरापळ्ळीहून आखातातल्या सूरला येऊन जिन्सीला जेमतेम बारा तास झाले होते, आणि तिचा पहिला धडा झालाही होता.

सूरमधल्या त्या छोट्याशा भारतीय शाळेत नवी शिक्षिका आली की तिने पहिलं वर्ष सोसाम्मा टीचरांच्या घरी काढायचं, असा अलिखित नियमच होता. शाळेत टीचर गणित शिकवत आणि घरी जगायला शिकवत. मासळीबाजारात सकाळी आठला जायचं नाही, दहानंतर जायचं. तोवर उन्हं चढतात, कोळ्यांना घरची ओढ लागते आणि शेवटचा वाटा अर्ध्या भावात मिळतो. कढीपत्ता विकत आणायचा नाही, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावायचा. टॅक्सी एकट्याने करायची नाही, चौथं माणूस मिळेपर्यंत उभं राहायचं. उन्हाळ्यात एकाच खोलीतला एसी लावायचा आणि सगळ्यांनी तिथेच गाद्या टाकायच्या.

“टीचर श्वाससुद्धा एकाच नाकपुडीने घेतात,” हिंदीचे प्रेमराजन सर म्हणायचे. “दुसरी ख्रिसमससाठी राखून ठेवलीय.”

सगळे हसत, टीचरही हसत. पण महिनाअखेरीला हेच प्रेमराजन सर तांदूळ कुठे स्वस्त मिळतोय हे विचारायला त्यांच्याच दारात उभे असत. आणि टीचरांना चिकट म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण आल्यागेल्याला त्यांच्याकडे ताटभर भात आणि माशाचं कालवण मिळतच असे. एकोणीस वर्षांच्या या शिस्तीतून गावी रान्नीला घर उभं राहिलं होतं, दोन नणंदा नर्सिंग शिकल्या होत्या, मुलगा रोनी इंजिनियर होऊन कॅनडाला गेला होता. आणि हे सगळं एका बाईच्या पगारात.

पण खरा दबदबा होता तो सात तिकिटांचा. शाळा दर उन्हाळ्यात गावी जायचं विमानाचं तिकीट द्यायची. ज्याला नको असेल त्याने तसं लिहून द्यायचं, तिकिटाची रक्कम रोख मिळायची. टीचरांनी एकेकाळी लागोपाठ सात वर्षं रोख रक्कम घेतली होती. लोक एक वर्ष गावी गेले नाहीत तर रडकुंडीला येतात, आणि या सात वर्षं सूरच्या उन्हात बसल्या होत्या. शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट एखाद्या पराक्रमासारखी सांगितली जायची.

जिन्सीने ती पहिल्याच आठवड्यात ऐकली आणि मनात ठेवली. निघताना तिची ईवा दहा महिन्यांची होती. तिला आणि टोबिनला, म्हणजे नवऱ्याला, इकडे आणायचं एवढं एकच जिन्सीच्या डोक्यात होतं. त्यासाठी वेगळं घर हवं होतं, घरमालकाला तीन महिन्यांचं भाडं आगाऊ हवं होतं, व्हिसाचा खर्च होता. टीचरांच्या हाताखाली ती इतकी तयार झाली की एप्रिलमध्ये हिशेब मांडला तेव्हा तिलाच आश्चर्य वाटलं. उन्हाळ्यात गावी गेलं नाही तर तिकिटाचे एकशे तीस रियाल हातात येत होते. शिवाय गावी काही हात हलवत जाता येत नाही. सासूला साडी, नणंदेला अत्तर, शेजाऱ्यांना चॉकलेटं, तेही सगळं वाचत होतं. म्हणजे जानेवारीऐवजी सप्टेंबरातच ईवा येऊ शकत होती. जिन्सीने फॉर्मवर ‘रोख’च्या चौकटीत खूण केली आणि तो कचेरीत देऊन आली.

संध्याकाळी तिने मोठ्या अभिमानाने ते सांगितलं.

“टीचर, मीपण तुमच्यासारखंच केलं. तिकिटाऐवजी पैसे घेतले.”

टीचर तारल्या साफ करत होत्या. त्यांची सुरी थांबली.

“ईवा आता किती महिन्यांची?”

“अठरा. जूनमध्ये वीस होतील.”

टीचर उठल्या आणि मोरीत हात धुवायला लागल्या. हात धुऊन झाले तरी नळ वाहतच राहिला. शेवटी जिन्सीनेच तो बंद केला.

“उद्या फॉर्म बदलून घ्यायचा,” टीचर म्हणाल्या.

जिन्सीने सगळा हिशेब पुन्हा मांडून दाखवला. टीचरांनी तो शांतपणे ऐकला. आकडे बरोबर आहेत, असंही म्हणाल्या. मग जिन्सीने मधला मार्ग काढला, की जायचंच असेल तर पंधरा दिवस जाऊन येते, उरलेली सुट्टी इथे काढते, तेवढाच खर्च कमी.

“एक्केचाळीस दिवसांची सुट्टी आहे. एक्केचाळीस दिवस राहायचं.”

“पण तुम्ही स्वतः सात वर्षं…”

“मी शिकवते ते शिक. मी केलं ते नको करू.”

जिन्सीला भयंकर राग आला. आठ महिने या बाईचा प्रत्येक शब्द तिने झेलला होता. सात तिकिटांचा मान यांना एकट्यांनाच हवा असेल, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. त्या रात्री दोघी एकाच खोलीत एकमेकींकडे पाठ करून झोपल्या.

सकाळी टीचर तिला घेऊन कचेरीत गेल्या. हिशेबनीस हमीदिक्का म्हणाले, यादी कालच मस्कतला गेली, आता काही होणार नाही. टीचरांनी वाद घातला नाही. समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या. पहिल्या तासाची घंटा झाली, सातवीचा वर्ग वाट बघत राहिला, तरी त्या उठल्या नाहीत. एकोणीस वर्षांत त्यांनी ना कधी तास चुकवला होता, ना कुणाकडे काही मागितलं होतं. हमीदिक्कांनी घड्याळाकडे पाहिलं, टीचरांकडे पाहिलं आणि मस्कतला फोन लावला.

“या पोरीवर तुमचा एवढा जीव आहे हे माहीत नव्हतं,” फोन ठेवताना ते म्हणाले.

भेटवस्तूंचा निकालही टीचरांनीच लावला. खजुराचं एक पाकीट पुरे, बाकी काही न्यायचं नाही. घरचे रागावतील, असं जिन्सी म्हणाली.

“रागावू देत. त्याला पैसे पडत नाहीत.”

घरचे रागावले नाहीत, नणंद तेवढी फुगली. पण ते जिन्सीच्या लक्षातही आलं नाही, कारण दारातच ईवा आजीच्या मागे लपली होती. “अम्मा कुठंय?” असं सासूने विचारलं तेव्हा पोरीने टोबिनच्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं. जिन्सीने उचलून घेतलं तर अंग ताठ करून रडली. रोज संध्याकाळी फोनवर दिसणारी अम्मा तिला हवी होती, समोरची बाई नको होती.

पहिला आठवडा असाच गेला. ईवा आजीच्या हातून जेवायची, आजीच्या कुशीत झोपायची. आठव्या दिवशी जिन्सी घरामागे जाऊन पोटभर रडली. टोबिन म्हणाला, घाई करू नकोस, आणि तिने घाई केली नाही. ओसरीवर बसून राहायची, झाडूसाठी नारळाच्या झावळीचे हीर काढत. बाराव्या दिवशी ईवाने तिच्या हातातलं केळं घेतलं आणि पाठ करून खाल्लं. चौदाव्या दिवशी लांबून हसली, पण जवळ आली नाही.

सतराव्या दिवशी चर्चला निघायची गडबड चालली होती. ईवा एक चप्पल हातात घेऊन आली. आजी दारातच बसली होती, तिला ओलांडून पुढे गेली आणि जिन्सीच्या मांडीवर बसून तिने पाय पुढे केला. जिन्सीला चपलेचा पट्टा लावायला बराच वेळ लागला. पंधरा दिवसांची सुट्टी घेतली असती तर ती परवाच विमानात बसली असती.

चर्चहून आल्यावर तिने टीचरांना निरोप टाकला. ‘आज आली. सतराव्या दिवशी.’

टीचर उन्हाळाभर सूरलाच होत्या. इंटरनेटवर त्या पैसे घालवत नसत, शाळेची कचेरी उघडली की तिथल्या फुकटच्या वायफायवर निरोप बघायच्या, आणि उत्तर द्यायच्या ते दोन शब्दांचं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्यांचं उत्तर आलं. ते दोन शब्दांचं नव्हतं.

‘माझा रोनी चाळिसाव्या दिवशी आला होता. सुट्टी एक्केचाळीस दिवसांची होती. पुढच्या वर्षी मी तिकिटाऐवजी पैसे घेतले. त्याच्या पुढच्या वर्षीही घेतले. सगळे म्हणाले, सोसाम्मा हुशार आहे.’