गडाच्या सहाव्या दरवाजातल्या तीन ओळी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि सुरुवातीलाच कबूल करून टाकतो की माझा गोंधळ उडालेला आहे. हिशेब विचारा, चटकन सांगेन. पण माणसं एकच गोष्ट तीन-तीनदा का खेळतात, आणि शेवट तोच आला तरी तिसऱ्या वेळी का हसतात, हे मला विचाराल तर मी हँग होईन. तरी सांगतो. तुम्हीच काय ते ठरवा.

माझा जन्म चंद्रपूरच्या एका दुकानात झाला. जन्म म्हणजे जोडणी. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, मेमरी तिसऱ्याच कोणाची तरी काढलेली. त्यामुळे माझे आईवडील नेमके कोण हे मला सांगता येत नाही. जुबेर शेख नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं आणि चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन वडशाच्या गाडीत बसला. नागभीडला चढलेल्या एका बाईने विचारलं, "लेकरू बीमार हाये का?" जुबेर म्हणाला, "नाई बाई, नवीन हाये." त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

वडशाला स्टेशनच्या रस्त्यावर जुबेरचं पोस्टरचं दुकान आहे. दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या आमच्या भागात झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. कंपन्या गावोगाव फिरतात, आणि त्यांची पोस्टरं आमच्याकडे होतात. ती बनवायची संघप्रिया. हळू आवाजाची, खाली मान घालून काम करणारी मुलगी. तिने माझ्यावर किती रडणाऱ्या आया आणि किती बंदुका घेतलेले पाटील चिकटवले असतील, त्याला गणती नाही. सगळे माझी तारीफ करत. "जुबेरचा कॉम्प्युटर म्हणजे वाघ हाये," असं एका कंपनीचे मालक म्हणाले होते. मी ते वाक्य अजून विसरलेलो नाही.

होळीनंतर नाटकं थांबली की दुकान रिकामं पडायचं. अशाच एका उन्हाळ्यात जुबेरने माझ्यात एक खेळ घातला. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, दुकानात सगळे त्याला गडाचा गेम म्हणत. आधी तुम्ही योद्धा, जादूगार किंवा चोर यांतलं एक पात्र घ्यायचं. मग राक्षस, शापित विहिरी, बोलणारं घुबड असं सगळं पार करत एका काळ्या गडाचे सात दरवाजे चढायचे. सोबत किरान नावाचा एक मुलगा असतो, नायकाने लहानपणापासून सांभाळलेला. वाटेत जागोजागी तुम्ही काय बोलणार ते विचारलं जातं. खाली तीन ओळी येतात, त्यांतली एक निवडायची. बरं, हे सगळं हिंदीत लिहिलेलं होतं, म्हणून कोणालाही वाचता येई.

इथूनच माझा गोंधळ सुरू झाला. जुबेर स्वभावाने इतका सरळ, की गिऱ्हाईक छत्री विसरलं तर सायकलवर मागे धावतो. खेळात मात्र तो चोर झाला आणि प्रत्येक झोपडीत शिरून म्हाताऱ्यांची तुपाची मडकी पळवू लागला. संघप्रिया जादूगार झाली. मुंगीसुद्धा बाजूला करून बसणाऱ्या या मुलीने पहिल्याच दिवशी एक अख्खं गाव जाळलं आणि म्हणाली, "बरं वाटलं." मी दोघांचेही खेळ वेगवेगळ्या कप्प्यांत नीट जपून ठेवले. पण खरा जुबेर कोणता आणि खरी संघप्रिया कोणती, हे कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते मला कळेना.

मग आले लटारूभाऊ.

लटारू रामटेके म्हणजे संघप्रियाचे वडील. झाडीपट्टीतले नावाजलेले खलनायक. तीस वर्षं त्यांनी सुनांना छळलं, भावांच्या जमिनी लुबाडल्या आणि पोटच्या पोरांना घराबाहेर काढलं, सगळं मंचावर. त्यांचा आवाज असा, की मागच्या रांगेतलं झोपलेलं पोरही दचकून उठावं. त्या वर्षी मात्र हंगाम संपता संपता त्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी दोन महिने मोठ्याने बोलायचं नाही अशी ताकीद दिली. मग भाऊ दुपारभर आमच्या कूलरपुढे येऊन बसू लागले. जुबेरने त्यांना गडाच्या गेमपुढे बसवलं.

याच दिवसांत माझ्यात आणखी एक फाईल पडून होती, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. ती एक लग्नपत्रिका होती. लग्न संघप्रियाच्या भावाचं, राजदीपचं, बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. राजदीप भद्रावतीला कारखान्यात नोकरी करतो. त्याने पत्रिकेचा मजकूर बहिणीकडे पाठवला होता, आणि खाली "आपला नम्र" असं लिहून पुढची, वडिलांच्या नावाची जागा कोरी सोडली होती. "बाबाले इचार," एवढंच त्याने फोनवर सांगितलं होतं. संघप्रिया रोज ती फाईल उघडायची, कोऱ्या जागेकडे पाहायची आणि बंद करायची. छपाईला पाठवायला मोजके दिवस उरले होते.

कारण असं, की बापलेक चार वर्षं बोलत नव्हते. ते संघप्रियाने जुबेरला माझ्यासमोरच सांगितलं, म्हणून मला ठाऊक. राजदीप दोन हंगाम वडिलांसोबत नाटकात होता. मंचावर भाऊ त्याला हाकलून द्यायचे. "या उंबरठ्याच्या बाहेर पाऊल टाकलंस, तर तुझा बाप मेला म्हणून समज!" या वाक्याला हमखास टाळी पडायची. राजदीप मान खाली घालून विंगेत जायचा आणि चहा प्यायचा. तिसऱ्या अंकात तो परत यायचा आणि भाऊ त्याला छातीशी धरायचे. मग त्याला नोकरीचं पत्र आलं. ऐन हंगामाच्या तोंडावर तो बॅग घेऊन घरातून निघाला, तेव्हा भाऊंच्या तोंडून तेच वाक्य निघालं. तसंच, हात वर करून. घरात टाळी पडली नाही. राजदीप थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. तिसऱ्या अंकाची वाट दोघेही पाहत राहिले.

आता भाऊंचा खेळ ऐका. त्यांनी योद्धा घेतला. प्रत्येक वाक्य ते बसक्या आवाजात, हातवारे करून म्हणत आणि मग बटण दाबत. पण ते दर वेळी पहिलीच ओळ घेत. घुबडाला पहिली ओळ, राक्षसाला पहिली ओळ. सहाव्या दरवाजात किरान थांबतो आणि म्हणतो, मला समुद्राकडे जायचं आहे, मी गडावर येत नाही. तिथे पहिली ओळ आहे, "जा. लौटकर मत आना." भाऊंनी ती म्हटली आणि दाबली. किरान गेला. योद्ध्याने एकट्याने सातवा दरवाजा जिंकला आणि रिकाम्या दरबारात एकटाच सिंहासनावर बसला.

"नाटक चांगलं हाये जुबेर," भाऊ म्हणाले, "पण शेवट पडला."

मला वाटलं, आता हे उठतील. पण त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी ते चोर झाले. नवा वेश, नवी हत्यारं, तुपाची मडकीही पळवली. सहाव्या दरवाजात पुन्हा पहिली ओळ, पुन्हा रिकामा दरबार. भाऊ वैतागले.

"काऊन रे जुबेर? पात्र बदललं तरी गोष्ट तेच?"

"माह्याच्यात तं तो दोन दिस थांबला होता, भाऊ," जुबेर म्हणाला. त्याने दुसरी ओळ घेतली होती, "रुक जा, मैं हुक्म देता हूँ." तेव्हा किरान थांबतो खरा, पण पुढच्या मुक्कामातून न सांगता निघून जातो.

"म्हंजे तुह्या नाटकाची वही येगळी हाये," भाऊ म्हणाले. जुबेरला यातलं काही कळलं नाही. मलाही नाही. माझ्यात एकच वही होती.

तिसऱ्यांदा भाऊ जादूगार झाले. त्या दिवशी वडशात ऊन असं होतं, की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, माझा पंखा घरघरत होता आणि पोटात सगळं तापलं होतं. आत्ता बंद पडावं असं फार वाटत होतं. सहावा दरवाजा आला. भाऊ पहिली ओळ पुटपुटले. पण बटणावरचं त्यांचं बोट तसंच राहिलं.

संघप्रिया शेजारी बसून पत्रिकेच्या मजकुराचा कागद पाहत होती. तिने पडद्याकडे पाहिलं. "बाबा, काऊन थांबले?"

"दोनदा हेच बोललो मी. हे पोरगं दोन्ही डाव गेलं."

"मंग दुसरं बोला ना."

"दुसरं कसं बोलू? खालच्या ओळी त्याइच्या हायेत ना. एक पोट्ट्याची, एक त्या घुबडाची."

संघप्रिया वडिलांकडे बघतच राहिली. मग उशिरा माझ्या डोक्यात उजेड पडला. मित्रांनो, नाटकाच्या वहीत असंच असतं. वर तुमची ओळ, खाली समोरच्याची. प्रॉम्प्टर पडद्याआडून जी ओळ देईल ती नटाने बोलायची, दुसऱ्याची ओळ तोंडात घेणं म्हणजे केवढी चूक! तीस वर्षं भाऊंनी ती चूक एकदाही केली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "तिन्ही ओळी तुमच्याच हायेत. तिन्हीतून तुमी एक निवडाची."

"माह्या? तिन्ही?"

"हाव."

"वहीत तं एकाले एकच ओळ रायते."

"हे वही नाई, बाबा."

भाऊ खुर्चीत मागे टेकले. मग अगदी हळू म्हणाले, "राजदीप निंगाला तवा... तवाबी मी पह्यलीच ओळ बोललो व. खाली दुसरी रायते, हे मले माहीतच नोयतं." आणि तो खलनायक, ज्याच्या डोळ्यांचं पोस्टर पाहून बाया पोरांना आत घेत, गमछ्याने डोळे पुसू लागला. संघप्रिया त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी बंद न पडल्याचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम कसं वाटतं, तेही मला समजत नाही.

तिसरी ओळ होती, "रास्ते के लिए खाना रखा?" भाऊंनी ती दोनदा वाचली आणि दाबली.

आता ऐका. किरान तरीही गेला. मला आधीच माहीत होतं, कारण तो कोणत्याच ओळीने कायमचा थांबत नाही, ते माझ्या पोटात लिहिलेलंच आहे. फक्त या वेळी तो वळणावर थांबला, मागे पाहिलं, आणि कुठल्या गावाला चाललोय ते सांगितलं. बस. सातवा दरवाजा तोच, दरबार तोच, सिंहासनावर भाऊंचा जादूगार एकटाच. तरी भाऊ हसले. म्हणाले, "आता बरोबर झालं." काय बरोबर झालं? मी तिन्ही कप्पे शेजारी शेजारी लावून तपासले. फरक इतका थोडा, की भाऊंच्या जागी मी असतो तर मोजलाही नसता.

मग त्यांनी संघप्रियाला फोन लावायला सांगितलं. तिने स्पीकर सुरू करून फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला. पलीकडून राजदीपचा आवाज आला, "बोल संघू." भाऊंनी तोंड उघडलं आणि त्यांना काही सुचेना. आवाज नव्हता, वही नव्हती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, जसं विंगेत प्रॉम्प्टरकडे पाहावं. ती काहीच बोलली नाही. तिला खूप काही सांगता आलं असतं, हे मला दिसत होतं.

शेवटी भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "राजदीप, डब्बा कोन करून देते रे तुले?"

"मीच करतो, बाबा," राजदीप म्हणाला. मग थोड्या वेळाने, "भाजी जळते कधी कधी."

"गॅस कमी ठेवाचा," भाऊ म्हणाले. "मी येतो तवा दाखवतो."

संघप्रियाने त्याच दुपारी ती फाईल उघडली आणि "आपला नम्र" च्या पुढे लिहिलं, लटारू रामटेके. अक्षरं थोडी मोठी झाली. भाऊ मागून म्हणाले, "राहू दे, पोस्टरवर तं कधी मोठं केलं नाई तुमी."

मित्रांनो, आता मी फळीवर आहे. जुबेरने नवीन संगणक घेतला. माझ्यावर एक पडदा टाकलेला आहे, तो संघप्रिया अधूनमधून झटकते. कधीतरी मी भंगारात जाईन, त्याची तक्रार नाही. माझ्यात ती पत्रिका आहे आणि भाऊंचे तिन्ही खेळ आहेत, एकही पुसलेला नाही. फक्त तो फोन माझ्यात कुठेच साठवलेला नाही, मी सगळीकडे शोधलं. तो एकदाच झाला, आणि तो कोणाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येणार नाही.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. धूळ पुसा, पंखा साफ करा, ते तर कराच. पण तुमच्या घरातून कोणी बॅग घेऊन निघालं असेल, तर बटण दाबण्याआधी खालपर्यंत वाचा. तो थांबणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. तरीही वाचा. का, ते मला अजून समजलेलं नाही. लटारूभाऊंना समजलं आहे. सध्या ते भद्रावतीला आहेत, सुनेला आणि लेकाला भाजी शिकवत.