डाव्या कुशीवर

गरोदर बाईला झोपवणं हे इंजिनिअरचं काम आहे, असं माझ्या नवऱ्याला वाटतं. श्रीरंग न्युरेम्बर्गमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. एखादा पार्ट तुटून परत आला की तो का तुटला हे शोधायचं, हा त्याचा रोजचा उद्योग. 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा, म्हणजे मूळ कारण हाती लागतं, अशी त्यांच्याकडे पद्धत आहे. चांगली पद्धत आहे. पार्टला वाईट वाटत नाही.

आमची पहिली मुलगी नवव्या महिन्यात पोटातच गेली. एका सकाळी मी उठले तर ती हलत नव्हती, आणि दुपारी क्लिनिकमध्ये सांगितलं की ठोके नाहीत. त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. तिचं नाव आम्ही ठेवलं होतं, पण घरात ते कोणी घेत नाही. आता दुसऱ्या वेळचा आठवा महिना चालू आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमच्याकडे फुंकायचं काम श्रीरंगने घेतलंय आणि प्यायचं माझ्याकडे आहे.

इथल्या डबलबेडवर दोन वेगळ्या गाद्या असतात आणि मध्ये फट. नवरा-बायकोने आपापल्या गादीवर, आपापल्या पांघरुणात झोपावं अशी जर्मनांची सोय. श्रीरंगने आधी श्टिलकिसन आणलं, म्हणजे इथल्या बायका आधी पोटाला आणि मग बाळाला टेकू म्हणून वापरतात ती लांबलचक उशी. तिचं एक टोक कायम त्या फटीत जाऊन बसायचं. मग पाठीमागे लावायला फोमचा तिरका ठोकळा आला. मग गुडघ्यांमध्ये घ्यायची उशी आली. शेवटी त्याने माझ्या गाउनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा बॉल घातला, म्हणजे झोपेत पाठीवर वळले की टोचून जाग यावी; पाठीवर झोपलं की बाळाला रक्त कमी पोचतं म्हणतात. या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नाही, पण तो खिसा त्याने दुहेरी टाके घालून शिवला होता.

डावी बाजू अवघडून मी उजवीकडे वळले की पलीकडच्या गादीवरून आवाज येतो, "स्वरूपा, डावीकडे." रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. खांदा दुखतो, कंबर दुखते, मांडीला मुंग्या येतात आणि डोळ्याला डोळा लागत नाही.

पुण्याहून सासूबाई उंटावरून शेळ्या हाकतात. रोज फोन, रोज तोच प्रश्न, "डाव्या कुशीवर झोपतेस ना गं?" मी म्हणते, "हो, आई." त्या मनाने वाईट नाहीत. पण एक गोष्ट मी विसरलेले नाही. मुलगी गेल्यावर मी क्लिनिकमधून रिकामी घरी आले, तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं होतं, "त्या रात्री पाठीवर झोपली होतीस का गं?" फोन स्पीकरवर होता. श्रीरंग शेजारीच बसला होता. 'आई, काहीतरी काय विचारतेस' एवढं तरी त्याने म्हणायला हवं होतं. तो उठून किचनमध्ये गेला आणि नळ सोडून नुसता उभा राहिला.

तेव्हाच मी समजले की याच्याही डोक्यात तेच आहे. याचे पाच 'का' विचारून झालेत आणि शेवटच्या उत्तरात मी पाठीवर झोपलेली आहे.

खरं कारण कळायची एक वाट होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, ओब्डुक्शन करायचं का, म्हणजे शवविच्छेदन. श्रीरंग लगेच नाही म्हणाला. "तिला कापायचं नाही." त्या क्षणी मला त्याच्याबद्दल फार प्रेम वाटलं होतं. नंतर नवल वाटायला लागलं. जो माणूस तुटलेला बोल्ट मधोमध कापून भिंगाखाली बघतो, त्याला स्वतःच्या मुलीचं कारण नको होतं?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण आता कधीच कळणार नाही, पण कुठल्या बाजूवर झोपला होतात यावरून स्वतःला छळू नका. जर्मनमधलं सांत्वन मला समजतं, पोचत नाही. मला ते श्रीरंगच्या तोंडून हवं होतं. तुझी चूक नव्हती, एवढं एक वाक्य. त्याने उशा आणल्या, बॉल आणला, ते वाक्य काही आणलं नाही. आणि मला ते हे बाळ यायच्या आत हवं होतं. नाहीतर उद्या बाळाला साधी शिंक आली तरी हा माणूस वळून माझ्याकडे बघेल, आणि तसं मला त्याच्याबरोबर राहता येणार नाही.

मागच्या रविवारी जेवण झाल्यावर मी सोफ्यावर जरा टेकले. रविवारी इथे सगळं बंद, बिल्डिंग चिडीचूप. श्रीरंग खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, मशीनमधले कपडे वाळत घालायला गेला होता. मला झोप लागली. कधी, कुठल्या कुशीवर, काही पत्ता नाही.

जाग आली तेव्हा तो माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवत होता. तोंड पांढरंफटक पडलेलं. "ऊठ. पाठीवर आहेस तू. बाळ हलतंय का? सांग ना, हलतंय का?"

मी पोटावर हात ठेवला. काही नाही. ती शांतता माझ्या ओळखीची होती. मी डावीकडे वळले. त्याने फ्रिजमधला गार ज्यूस आणून माझ्या तोंडाला लावला, क्लिनिकला फोन लावला, आणि तिकडे रिंग वाजत असताना गाडीची किल्ली शोधत राहिला. किल्ली त्याच्या हातातच होती. मी मनात म्हणत होते, मार रे बाळा, लाथ मार. इतकी भीती मला पहिल्या वेळी वाटली नव्हती, कारण कशाला भ्यायचं हे तेव्हा माहीत नव्हतं.

मग बरगडीखाली एक लाथ बसली. मागोमाग दुसरी. श्रीरंगने हात ठेवला तर त्याच्या तळव्यालाही एक बसली. त्याने फोन बंद केला आणि तो खाली जमिनीवरच बसला.

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला.

"म्हणून टाक एकदाचं," मी म्हणाले.

"काय?"

"की मी मारलं तिला. पाठीवर झोपून. दीड वर्ष तेच आहे ना तुझ्या डोक्यात? आईंनी विचारलं तेव्हा गप्प बसलास. आणि आता हे बॉल काय, उशा काय, रात्रभर चेकिंग काय. तुझा रूट कॉज मी आहे ना? मग निदान तोंडावर तरी बोल."

"तसं नाहीये, स्वरूपा."

"मग कसं आहे?"

"तू पाठीवरच होतीस," तो म्हणाला. "त्या रात्री. मी बघितलं होतं."

"म्हणजे?"

"मी पाणी प्यायला उठलो होतो. तू सरळ पाठीवर, चक्क घोरत होतीस. मला माहीत होतं गं. बाळंतपणाच्या कोर्समध्ये हेबामेने, त्या सुईणबाईने, आपल्या दोघांना सांगितलं होतं, साइडवर झोपायचं म्हणून. पण तुला किती दिवसांनी अशी झोप लागली होती. म्हटलं, आत्ता उठवली तर परत झोपायची नाही. तुझ्या अंगावर पांघरूण घातलं आणि लाइट बंद केला." त्याने बाहीने नाक पुसलं. "सकाळी ती हलत नव्हती. ओब्डुक्शनमध्ये तेच निघालं असतं तर मी काय करणार होतो?"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मी मात्र दीड वर्ष समजत होते की चोर मीच आहे.

"माझ्यामुळे झालं का गं?" त्याने विचारलं. पाच 'का' विचारणारा माणूस, पण हा एक विचारताना त्याचा आवाज लहान मुलाचा झाला होता.

मी ज्या वाक्यासाठी इतके दिवस झुरत होते, तेच आता त्याला माझ्याकडून हवं होतं. वाक्य तयार होतं आणि खरंही होतं. त्याने मला पांघरूण घातलं होतं, याहून मोठा गुन्हा त्याने केला नव्हता. हे सगळं मला नीट कळत होतं.

"मला काय माहीत," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. ज्यूसचा ग्लास उचलला, विसळून ठेवला, आणि राहिलेले कपडे वाळत घालायला खाली गेला.

रात्री तो आपल्या गादीवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपला नव्हता, श्वासावरून कळत होतं. मी उजवीकडे वळले, तरी तो काही बोलला नाही. माझी लाज मला वाटायला हवी होती. पण अंग हलकं झालं होतं, आणि दीड वर्षात कधी लागली नव्हती अशी गाढ झोप मला लागली.